ज्याचं त्याचं ताट

मी फिरती शिक्षिका आहे. म्हणजे माझी अशी एक शाळा नाही. सात आहेत, आणि सातही ठिकाणी मी पाहुणी. ज्या पोरांना ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, चालता येत नाही किंवा उशिरा समजतं, त्यांना गावातल्याच शाळेत, बाकीच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसवायचं, हे माझं काम. मुकुंदवाडीहून सकाळी निघायचं, एसटीनं गंगापूर गाठायचं, तिथून जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी चौथी म्हणून स्वतःला कोंबून घ्यायचं आणि गोदावरीच्या अंगाच्या गावांत उतरायचं. स्वभाव तापट. मी जीपमधून उतरताना दिसले की हेडमास्तर पोरांना फळ्याकडे तोंड करून बसवतात, असं माझ्या मागं बोललं जातं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मला कुणी फसवलं असं वाटू नये. कुणी फसवलं नाही. जे झालं ते माझ्या डोक्यातून निघालं, आणि निघालं तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

त्या सातांपैकी एका गावात एक मुलगी आहे. बौद्ध वस्तीतली, आता नऊ वर्षांची असेल. कानाला मशीन लावलं तरी तिला ढोलाशिवाय काही ऐकू येत नाही. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती ओट्यावर बसून बोंडांतला कापूस काढत होती, आणि आपल्याला नाव आहे हेच तिला माहीत नव्हतं. कसं असणार? नाव हाकेनं कळतं, आणि हाक तिच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. काही हवं असलं की आईचा पदर ओढायची आणि बोट दाखवायची. आई शेतमजूर, नवरा वारलेला, घरात या दोघीच. मी पोरीला खुणांची भाषा शिकवायला लागले. वेणीला दोन बोटं लावली की ते आपलं नाव, हे तिला कळलं त्या दिवशी ती अंगणभर वेणीला बोटं लावत फिरली. कोंबड्यांनासुद्धा नाव सांगून झालं. दीडेक वर्षात ती गावच्या शाळेत पहिल्या ओळीत बसायला लागली. शेजारच्या पोरींनी तिच्या खुणा उचलल्या, गुरुजींची नक्कल खुणांनी व्हायला लागली, आणि मी गंगापूरच्या स्टँडवर चहा पिताना एकटीच हसायला लागले.

मग गावात तंटा झाला. मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची, यावरून. मी त्या दिवशी तिथं नव्हते, त्यामुळं पहिला दगड कुणी मारला हे मला दोन्हीकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं आहे. दोन मोटरसायकली जळल्या, वस्तीतल्या घरांचे पत्रे फुटले, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. बंदोबस्ताला आलेले पोलीस शाळेच्याच दोन खोल्यांत राहिले. फळ्यावर लिहिलेल्या त्यांच्या ड्युटीच्या पाळ्या मी स्वतः पुसल्या. पोलीस गेले आणि गाव शांत झालं, म्हणजे एकमेकांशी बोलायचं थांबलं. गिरणीवाला वस्तीचं दळण घेईना. किराणा दुकानात वस्तीपुरती साखर नेमकी संपलेली असायची. आणि वस्तीतलं एकही लेकरू शाळेत येईना.

बाकीची पोरं घरी बसली तर त्यांचा अभ्यास बुडतो. हिची भाषा बुडत होती. महिन्याभरानं मी घरी गेले तर ती पुन्हा पदर ओढून बोट दाखवत होती. खुणा करायला समोर कुणी नसेल तर खुणा टिकत नाहीत. आई दिवसभर रानात. पोरगी दिवसभर ओट्यावर. मी वेणीला बोटं लावून दाखवली तेव्हा ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली, कुठं तरी भेटलेल्या माणसाकडं बघतात तशी.

हेडमास्तरांनी तोड सुचवली. "मॅडम, तिला घरीच शिकवायचं असं कागदावर दाखवू या ना. तशी सोय आहे." ती सोय अंथरुणातून उठता न येणाऱ्या लेकरांसाठी आहे. मी आवाज चढवला. मग त्यांनी शहरातल्या निवासी मूकबधिर शाळेचं काढलं. तिच्या आईला मी ते विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, रातच्याला भ्या वाटलं तर ही कुनाला सांगल तिथं?" पोरीला हीच शाळा हवी होती, दारापासून हाकेच्या अंतरावरची. ही सुटली असती तर पोरगी पुन्हा बिननावाची झाली असती.

म्हणून मी हट्टानं शाळा समितीची बैठक लावायला सांगितली. गावातले पाच-सहा पालक आले, वस्तीतलं कुणी आलं नाही. आधी पाऊसपाणी झालं, कापसावरची बोंडअळी झाली. मग एक पालक पायातल्या चपलेकडं बघत म्हणाले, "लेकरं येऊ द्या. लेकरांशी आमचं काय वैर नाय. पन तेवढं खिचडीच्या ताटांचं बगा."

शाळेत दुपारी खिचडी मिळते. ताटं शाळेचीच होती, स्टीलची, एका ढिगात. ज्याच्या हाताला जे येईल ते त्यानं घ्यायचं, धुऊन परत ढिगात ठेवायचं. हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं आणि त्यावर कुणी ब्र काढला नव्हता. आता काढला. त्या पालकाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. कळलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण मी मनाशी म्हटलं, आज भांडून उपयोग नाही, आधी पोरगी वर्गात येऊ दे. आणि मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "त्यात काय एवढं? प्रत्येकानं आपल्या घरून ताट आणायचं. ज्याचं त्याचं ताट. भांड्यावर नाव घातलेलं असतंच, अदलाबदल होणार नाही. स्वच्छतेच्या दृष्टीनंही बरं."

सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. इतक्या लगेच की तिथंच मला शंका यायला हवी होती. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, मानलं तुम्हाला." चहा आला. मी दोन कप प्याले.

वस्तीत जाऊन मी घरोघर सांगितलं. त्या मुलीच्या आईनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताटाचं कुनी काढलं?"

"मीच," मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले.

ती आत गेली आणि फळीवरून एक ताट काढून पदरानं पुसत बसली. सोमवारी वस्तीतली सगळी लेकरं ताट काखेत मारून शाळेत आली.

तीन आठवडे मी हरभऱ्याच्या झाडावर होते. पोरगी पहिल्या ओळीत बसत होती, खुणा परत येत होत्या. मंगळवार-शुक्रवारी मी सकाळच्या जीपनं जायची आणि खिचडीच्या आधी पुढच्या गावाला निघायची, त्यामुळं दुपारची पंगत मला कधी दिसली नाही. शहरात फिरत्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत साहेबांनी मला उभं करून सगळ्यांना सांगायला लावलं, की तंटा झालेल्या गावात एकही लेकरू शाळेबाहेर राहिलं नाही ते कसं. मी सांगितलं. बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. आणखी दोन गावांत तसंच करा, असं साहेब म्हणाले.

चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी पुढच्या गावची शाळा बंद होती, म्हणून मला सवड होती. माझ्या पिशवीत प्लॅस्टिकची भातुकली आणि चिंध्यांच्या दोन बाहुल्या असतात. दिवसभरात काय झालं हे या मुलीला वाक्यांत सांगता येत नाही, खेळून सांगता येतं. मी व्हरांड्यात भातुकली मांडली आणि खुणेनं म्हटलं, शाळेतलं जेवण दाखव.

तिनं पातेलं ठेवलं, बाहुल्या समोर उभ्या केल्या, दोघींच्या हातांपाशी एकेक ताटली ठेवली. पळी घेतली. पहिल्या बाहुलीच्या ताटलीत पळी टेकवून, नीट पसरून वाढलं. मग दुसरीकडं वळली. हात खांद्याच्या वर नेला आणि तिथून पळी उपडी केली. पळी पुन्हा पातेल्यात. पुन्हा पहिलीला टेकवून, दुसरीला वरून.

मला वाटलं खेळतेय. मी खुणेनं विचारलं, हिला असं आणि हिला असं का?

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिला एखादं सोपं चित्र चौथ्यांदा समजावते तेव्हा माझा चेहरा जसा होत असेल, तसा तिचा चेहरा होता. पहिल्या बाहुलीवर बोट ठेवून तिनं माझ्याकडं दाखवलं: ही तू. दुसरीवर बोट ठेवून वेणीला दोन बोटं लावली: ही मी. मग पुन्हा हात वर नेऊन पळी उपडी केली आणि हसली. तिला उत्तर आलं होतं. बरोबर उत्तराला मी दोन्ही हात वर करून हलवते, ती आमची टाळी, आणि ती टाळीची वाट बघत होती.

माझे हात सवयीनं अर्धे वर गेले होते. ते मी कसे खाली घेतले मला आठवत नाही. शिव्या, टोमणे, जातीचे शब्द यांतलं एक अक्षरही या पोरीच्या कानावर पडलेलं नव्हतं. पडणं शक्यच नव्हतं. तिला कुणीही काहीही सांगितलं नव्हतं. आणि तिला सगळं कळलं होतं. मी कोण, ती कोण, हेसुद्धा. मी कोणत्या घरातली हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

दुपारी मी पंगतीला उभी राहिले. पोरं रांगेनं येत होती. स्वयंपाकीण मावशी गावातल्या पोरांना पळी ताटात टेकवून वाढत होत्या, आणि वस्तीतलं पोर समोर आलं की हात आपोआप वर जात होता. खिचडी फडकन पडायची, थोडी ताटाबाहेर, थोडी पोराच्या हातावर. गरम खिचडी. पोरं हात झटकून पुढं सरकत होती. कुणी तक्रार करत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं.

पंगत उठल्यावर मी मावशींना धरलं. मी बरंच बोलले. त्या खिचडीचं भगुणं खरवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आदी ताटं शाळंची व्हती, मॅडम. शाळंच्या ताटाला पळी लागली तर कुनाला काय? आता ताट त्यांच्या घरचं हाय. त्याला टेकवून पळी परत भगुण्यात घातली, तर बाकीची लेकरं खातील व्हय? त्यांच्या आया येऊन माझं भगुणं पालथं घालतील."

त्यांनी भगुण्यात पाणी ओतलं.

"म्या कवा असं केलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुमीच तर म्हनल्या, घरून आना."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण भलतं नव्हतंच ते. मी आखून दिलेल्या वाटेनंच सगळं सरळ चालत गेलं होतं. शाळेचं ताट कुणाच्याच घरचं नव्हतं. मी त्या ताटांना घरं जोडून दिली होती.

जीपची वाट बघताना मला आमचं बिडकीनजवळचं घर आठवलं. गोठ्याच्या कोनाड्यात एक कपबशी असायची, रानात कामाला येणाऱ्या माणसांसाठी. माझी आई त्या कपात चहा वरून ओतायची. लहानपणी मला वाटायचं, फेस यावा म्हणून. पुढं मी शिकले, नोकरीला लागले, कुणाच्याही घरी जेवायला लागले, आणि ती कपबशी आपल्यातून गेली असं धरून चालले. बैठकीत तोंड उघडलं तेव्हा ती माझ्या तोंडातून बाहेर पडली. याची मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटते.

जीप आली ती मी सोडून दिली आणि वस्तीत गेले. त्या दिवशी आई घरीच होती. मी ओट्यावर बसले आणि घडलेलं सांगायला लागले. तिनं मधेच थांबवलं.

"पहिल्या दिवसापून ठावं हाय मला. बाकीच्या लेकरांनी घरी येऊन सांगितलंच की."

मी म्हणाले, "मग मला का नाही बोललात?"

"तुमीच काढलं म्हनल्या ना ताटाचं. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला झेपलं असतं. तिनं तीन आठवडे मला तशी बाई समजून घरात घेतलं होतं, पाणी दिलं होतं, पोरगी हवाली केली होती.

"तरी पाठवत राहिलात?" मी विचारलं.

"शाळा पायजे ना तिला. आन म्हनलं, बाकीची लेकरं आयकत्यात, रडत्यात. हिला आयकू येत नाय. हिच्यापातुर कायबी पोचत नाय. तेवढं एक बरं हाय, म्हनलं."

पोरगी शेजारीच होती. आमच्या तोंडांकडं बघून तिला कळलं की शाळेचं चाललंय, आणि तिला वाटलं आईला काही तरी समजत नाहीये. ती उठली, चुलीजवळची पळी आणली, आईपुढं एक ताटली ठेवली. हात खांद्याच्या वर नेला.

आईनं तिचं मनगट हवेतच धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग पळी काढून घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सोमवारपून नाय येनार ती."

सोमवारी माझा त्या गावाचा दिवस नव्हता, पण मी गेले. हेडमास्तरांकडं कोठीची किल्ली मागितली. ते म्हणाले, "पोरं येतायत ना, चालू आहे ते चालू द्या." मी म्हणाले, लेखी तक्रार करीन, आणि त्यात पहिलं नाव माझं घालीन. त्यांना माझा स्वभाव माहीत होता. किल्ली मिळाली. शाळेची ताटं एका पोत्यात बांधून ठेवलेली होती, ती मी आणि मावशींनी मिळून घासली. घरची ताटं घरी पाठवली. गावातल्या काही पालकांनी दुपारी पोरांना जेवायला घरी नेलं. आठवड्याभरात पोरंच घरी जायला कुरकुरायला लागली आणि पंगतीत येऊन बसली. साहेबांनाही फोन केला, की बाकीच्या गावांतलं थांबवा. ते म्हणाले, लेखी द्या. दिलं आहे.

पण ती मुलगी येत नव्हती. मी तीन वेळा घरी गेले. तिसऱ्या खेपेला तिची आई म्हणाली, "एकडाव मी सोता येऊन बगते. मंग ठरवते."

शुक्रवारी ती लेकीला घेऊन आली आणि फाटकाशी लिंबाखाली उभी राहिली. आत आली नाही. खिचडीची रांग लागली. पोरगी रांगेत होती, हातात शाळेचं ताट, बाकीच्यांसारखंच. तिच्या पुढं वस्तीतलाच एक मुलगा होता. मावशींनी त्याच्या ताटात पळी टेकवून वाढलं. मी फाटकाकडं बघितलं. आई बघत होती.

मग हिची पाळी आली. मावशींनी पळी भरली आणि हात पुढं केला. पळी ताटाजवळ येताच पोरीनं ताट खाली घेतलं. मावशींनी हात आणखी खाली आणला. तिनं गुडघे वाकवले, ताट आणखी खाली नेलं. पळी खाली येत गेली तशी ती खाली जात राहिली, आणि शेवटी जमिनीवर उकिडवी बसली. ताट फरशीवर ठेवलं आणि हात मागं घेतले. पळी आणि ताट यांच्यात तिनं तेवढंच अंतर राखलं होतं, पहिल्यासारखं.

मावशी म्हणाल्या, "ऊठ की गं. वर धर ताट." दोनदा म्हणाल्या, मायेनं म्हणाल्या. तिला ते ऐकू येत नव्हतं. मला पुढं व्हायला हवं होतं. मी झाले नाही.

तिची आई फाटकातून आत आली. सगळं मैदान ओलांडून, रांगेच्या शेजारून ती पुढं गेली. तिनं लेकीला काखेत धरून उभं केलं, ताट तिच्या हातात दिलं आणि खालून तिच्या हातांची दोन्ही कोपरं उचलून ताट पळीपर्यंत नेलं. मग हात सोडले. ताट लगेच खाली गेलं. तिनं पुन्हा कोपरं उचलली, आणि या वेळी सोडली नाहीत. मावशींकडं बघून म्हणाली, "वाढा."

पळी टेकली. पोरगी मान वळवून आईच्या तोंडाकडं बघत होती.

शनिवारी खिचडीच्या वेळी आई रानातून शाळेत आली. सोमवारीही आली. अजून येते.